नानांची जखम आणि दाबाखालचा प्राणवायू

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

नानांच्या तळपायाची जखम भरत नाही म्हणून त्यांना हायपरबॅरिक ऑक्सिजनसाठी, म्हणजे दाबाखालच्या प्राणवायूच्या उपचारासाठी, नाशिकला आणावे का, आणि त्याच फेरीत वहिनींच्या सोरायसिसचेही बघावे का, असे तू विचारले आहेस. या दोन प्रश्नांची उत्तरे निरनिराळी आहेत.

साध्या हवेतही रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूने जवळजवळ भरलेलेच असते. मात्र बंद चेंबरमध्ये वातावरणाच्या 2 ते 2.5 पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेतला, की तो थेट रक्तद्रवात विरघळतो आणि पुरवठा तोकडा पडलेल्या भागालाही मिळू लागतो. ॲमस्टरडॅमचे शल्यविशारद बोरेमा यांनी तर 1960 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, रक्तात तांबड्या पेशी जवळजवळ नसलेली डुकरे वातावरणाच्या 3 पट दाबाखाली जगवून दाखवली होती.

म्हणूनच मधुमेहाची खोल जखम, किरणोपचाराने खराब झालेली कातडी, नीट न धरलेले त्वचारोपण अशा ठिकाणी हा उपचार मान्य आहे, पण तो जोडीचा उपचार म्हणून. मेलेला भाग काढणे, जंतुसंसर्ग आवरणे, साखर ताब्यात ठेवणे आणि पायावरचा भार काढणे हे चुकत नाही. पायाची मोठी रक्तवाहिनीच तुंबलेली असेल तर आधी ती मोकळी करावी लागते. तेव्हा तिकडेच डॉपलर, म्हणजे पायातील रक्तप्रवाहाची तपासणी, करून घे.

सोरायसिससाठी मात्र तुरळक रुग्णांच्या नोंदींपलीकडे भक्कम पुरावा नाही. वहिनींनी चालू मलमे आणि प्रकाशोपचार सोडून इकडे येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘कांती उजळेल’ असे सांगणाऱ्या जाहिरातींतील फुगवायच्या चेंबरमध्ये दाब बहुधा 1.3 पटच असतो, म्हणजे तो हा उपचारच नव्हे.

नानांना साधारण दीड तासाची एकेक बैठक, अशा 20 ते 40 बैठका लागू शकतील; आठवड्यातून पाच दिवस धरले तरी मुक्काम लांबणार, तेव्हा ते आमच्याकडेच राहतील. कसारा घाटात बसतात तसे कानांना दडे बसतील, पण आवंढा गिळल्यावर बहुधा सुटतात. बैठकीत साखर उतरू शकते, म्हणून आधी आणि नंतर ती तपासतात. फुफ्फुसाचा काही जुना आजार असल्यास डॉक्टरांना आधीच सांग. आगीच्या भीतीने आत मोबाइल, तेल, अत्तर काही चालत नाही. खोबरेल तेलाशिवाय नाना राहतील का, हा प्रश्न मी काकूंवर सोपवतो.

डॉपलरचा अहवाल आणि अलीकडच्या साखरेचे आकडे पाठव, म्हणजे इथल्या शल्यविशारदांची वेळ घेतो.

तुझा,
विनायक