ताण

चि. माईस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा पहाटे तू ड्युटीवरून फोन केलास आणि एवढंच म्हणालीस, "आई, लै ताण आलाय." मग वॉर्डात कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद. नेमका त्याच दिवशी आपण मोसंबीचा ताण तोडला. ठिबकच्या नळ्या बघता बघता दिवसभर तुझा तोच शब्द डोक्यात फिरत होता. फोनवर मला धड बोलता येत नाही, पप्पा शेजारी बसून "काय म्हणते, काय म्हणते" करतात. म्हणून हे पत्र.

पुण्यात राहून तू विसरली असशील. आंबिया बहर, म्हणजे हिवाळा सरताना येणारी फुलं, धरायचा तर नोव्हेंबर सरता सरता बागेचं पाणी बंद करतात. हाच ताण, आणि परत पाणी सोडलं की ताण तोडला म्हणायचं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळायला लागतात. नवख्या माणसाला वाटतं, बाग गेली. पप्पा मात्र रोज सकाळी एकेका झाडाजवळ थांबतात, पान चुरगाळून बघतात, मूठभर माती दाबून बघतात. चार आणे पानगळ झाली की ताण बसला म्हणायचं. मग चाळणी, शेणखत आणि पहिलं पाणी, तेही हलकंच. त्याला आंबवणी म्हणतात. काही दिवसांनी दुसरं पाणी, चिंबवणी. मग फुलं. पाणी चालूच ठेवलं असतं तर झाड हिरवंगार दिसलं असतं, पण नुसत्या फांद्याच वाढल्या असत्या.

बायकांच्या प्रार्थनेत मी हे एवढंच सांगितलं असतं तर सगळ्यांनी आमेन म्हटलं असतं. तुला तेवढ्यावर कसं भागेल? तू २०१३ बघितलंयस.

२०१२ला पाऊस पडला नाही म्हणण्यासारखंच होतं. उन्हाळ्यात आपल्या विहिरीत खाली उतरून वाटीनं पाणी भरायची वेळ आली. अंबड, घनसावंगी, कुठंही जा, मोसंबीच्या बागा वाळत होत्या. आपली दोनशे झाडं होती, अकरा वर्षांची, ऐन भरातली. टँकर विकत घेतले, तुझ्या काकांकडून उसने पैसे घेतले. मंडळीत दर शुक्रवारी उपासप्रार्थना होती आणि मी एकही चुकवली नाही. जूनमध्ये पाऊस आला, चांगला आला. तोवर बाग जळून गेली होती. भर पावसात तुझे पप्पा वाळल्या झाडाला पाठ लावून उभे होते, ते तू खिडकीतून बघत होतीस. झाडं जळणाच्या भावानं गेली.

त्या वर्षी मला बायबलातली मार्था कळली, लाजराची बहीण. लाजर आजारी आहे असा निरोप पोचला, तरी येशू होता तिथंच आणखी दोन दिवस राहिला. बेथानीला आला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था वाटेतच गाठून म्हणाली, तुम्ही इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. शब्बाथशाळेत मी इतकी वर्षं हे वाक्य श्रद्धेचं म्हणून शिकवत होते. माई, ते भांडण आहे. आणि त्यानं तिला एका शब्दानं दटावलं नाही. पुढं तर तो रडला.

लाजर उठला. आपली बाग उठली नाही. ही दुसरी बाग आपण २०१७ला लावली, ती वेगळी. तिच्याकडे बोट दाखवून "बघ, देवानं परत दिलं" असं लोक म्हणतात, मी म्हणत नाही. ती झाडं ती होती.

मग मी कशावर विसंबून आहे? नीट सांगता येणार नाही, पण बागेत उभं राहिलं की एक दिसतं. ताण कुठं संपतो आणि दुष्काळ कुठं सुरू होतो, हे झाडाला कळत नसणार. त्याला दोन्ही वेळा पाणी तुटलेलंच. फरक फक्त एवढाच, की कुणीतरी रोज सकाळी येऊन पान बघून जातं की नाही. तुझं पान बघणारा आहे, हे मी धरून चालते. का धरते ते विचारू नकोस, त्या उन्हाळ्यातसुद्धा सुटलं नाही म्हणून धरते.

तुझ्याबरोबर परीक्षा दिलेल्या मैत्रिणीची नेमणुकीची ऑर्डर आली आणि तुझं नाव यादीत लटकलंय, हे तुला जास्त टोचतंय. मला कळतं. हलक्या रानात महिना-सव्वा महिन्यात ताण बसतो, भारी काळ्या रानाला दोन-दोन महिने लागतात. शेजारच्या बागेला फुलं आली म्हणून आपलं पाणी आधी सोडत नाहीत. (पप्पांनी एकदा सोडलं होतं. त्या वर्षीचा बहर आठवतो ना?)

रविवारी पाळकसाहेबांनी याकोबावर वचन सांगितलं. तुझी पणजी जालन्याजवळच्या बेथेलची, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या गावची, आणि बायबलात बेथेल हे नाव याकोबानं ठेवलेलं, म्हणून आपल्या घरात याकोब जरा जास्तच चालतो. राहेलीशी लग्न व्हावं म्हणून चाकरीत काढलेली सात वर्षं त्याला थोड्या दिवसांसारखी वाटली, असं लिहिलंय. त्याला वाटली असतील. राहेलीला किती वाटली ते कुणी लिहून ठेवलं नाही. तू अठ्ठावीसची झालीस, आणि उपासना संपली की दारातच मला तीन बाया गाठतात, "माईचं कुठं जमलं का?" मी म्हणते, तुमच्या लेकीचं जमलं तेव्हा मी विचारायला आले होते का? चिडल्या असतील. चिडू देत.

निकालाची साइट दिवसातून एकदाच उघड. रात्रपाळीनंतर उपाशी झोपू नकोस. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून परत भाकर दिली. प्रार्थना जमत नसेल तर नको करूस, इथून मी करते. भांडायचं असेल तर मात्र तुझं तूच भांड.

आणि दोन दिवस रजा टाक. औंदा शाळू चांगला आहे, हुरड्याला आलाय. बाकी सगळ्याला मी थांब म्हणेन, पण हुरडा थांबत नाही, आठ-दहा दिवसांत दाणा टणक होतो. पप्पांनी आगटीसाठी गोवऱ्या काढून ठेवल्यात. शनिवारी निघालीस तर अंबडच्या स्टँडवर ते मोटारसायकल घेऊन येतील.

तुझी,
आई