खाते-उताऱ्यांची यांत्रिक वर्गवारी आणि कोकण

महोदय,

बँक खाते-उताऱ्याच्या पीडीएफमधून नोंदी उचलून त्यांची वर्गवारी करणारी सॉफ्टवेअर रत्नागिरी-सिंधुदुर्गातील करसल्लागारही आता वापरू लागले आहेत. हाताने नोंदी उतरवण्याचा वेळ वाचतो, हे मान्यच आहे. पण वर्गवारी मुख्यतः व्यवहाराच्या तपशिलातील शब्दांवरून ठरते आणि यूपीआयच्या नोंदीत बहुधा देणाऱ्याचे नाव व संदर्भ क्रमांक यांपलीकडे फारसे काही नसते. आंब्याच्या हंगामात एकाच बचत खात्यात हापूसच्या पेट्यांचे पैसे, घरगुती निवासाचे भाडे आणि मुंबईच्या मुलाने पाठवलेली रक्कम जमा होते. यांपैकी स्वतःच्या बागेतील आंब्याचे उत्पन्न शेतीचे म्हणून केंद्रीय आयकरातून मुक्त असते, भाडे मात्र तसे नसते, आणि यंत्राला तिन्ही रकमा सारख्याच ‘जमा’ दिसतात.

स्कॅन केलेल्या उताऱ्यात अक्षरओळख चुकून दशांशचिन्ह गळू शकते. आरंभीच्या शिलकेत जमा मिळवून खर्च वजा केल्यावर अखेरची शिलक जुळते का, ही साधी पडताळणी प्रत्येक सॉफ्टवेअरने आपणहून दाखवावी. वर्गवारीची चूक मात्र त्यातूनही सापडत नाही.

फुकटच्या संकेतस्थळांवर पासवर्डसह उतारे चढवण्याची सवय तर फारच घातक आहे. त्यापेक्षा रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या निर्देशांनी आकाराला आलेली ‘अकाउंट अ‍ॅग्रीगेटर’ (बँकेकडील खात्याची माहिती ती मागणाऱ्या संस्थेपर्यंत पोहोचवणारा मध्यस्थ) व्यवस्था बरी; तीत खातेदाराच्या संमतीनेच माहिती दिली जाते व संमती मागेही घेता येते. जिल्हा सहकारी बँकांनी आणि पतसंस्थांनी निदान उतारे एक्सेलमध्ये द्यावेत, म्हणजे पीडीएफ उकलण्याचा खटाटोपच उरणार नाही.

— एक वाचक, देवगड