सूचना : एएफसी टोरांटोचा घरचा सामना, तिकिटे आणि वाद्ये

सर्व सभासदांना,

नॉर्दर्न सुपर लीग ही कॅनडातली पहिली व्यावसायिक महिला फुटबॉल लीग २०२५ मध्ये ६ संघांनी सुरू झाली, त्यातलाच एक आपला एएफसी टोरांटो. खेळाडूला वर्षाला किमान ५० हजार डॉलर पगार ठरला आहे. तो निघायचा तर तिकिटे विकली गेली पाहिजेत, म्हणून फुकट पासाची वाट पाहू नका.

तिकिटे सुटी काढू नयेत. मग आपण चार कोपऱ्यांत विखुरतो आणि घोषणा ऐकूच जात नाहीत. बुधवारी रात्री ९ पर्यंत आकडा कळवा, एकाच भागातल्या जागा एकत्र घेऊ. तिकीट घरीच फोनमध्ये उतरवून ठेवा. फाटकाशी गर्दीत नेटवर्क हमखास रडते.

वाद्यांबद्दल नीट वाचा. दोन्ही तोंडे मढवलेला ढोल तपासणीत अडतो, कारण आत काय आहे ते दिसत नाही. हलगी किंवा डफ आणा, तोही प्लास्टिकच्या पानाचा. एप्रिलच्या दमट थंडीत कातडे सैल पडते आणि शेकायला स्टँडमध्ये जाळ कुठून आणणार? वाद्य आणि मोठा फलक दोन्हींसाठी क्लबची लेखी परवानगी आधी लागते, त्यामुळे मापे तिकिटांच्या आकड्यासोबतच द्या. झेंड्याला लाकडी किंवा लोखंडी काठी नको.

यॉर्क लायन्स स्टेडियमसाठी सबवेच्या लाइन १ वर पायोनियर व्हिलेजला उतरा. सामन्याआधी ४५ मिनिटे फाटकाशी भेटू. स्टँड उघडा आहे, कानटोपी विसरू नका.

— कार्यकारिणी