रमजानच्या आधी अम्मी-अब्बांना

नागपूर

अम्मी, अब्बा,

अस्सलामु अलैकुम.

रमजान दोन महिन्यांवर आलाय. फोनवर निम्म्या गोष्टी राहून जातात, म्हणून लिहून पाठवते. माझं म्हणणं एवढंच, की शरियतने म्हाताऱ्या-आजाऱ्या माणसाला ज्या सवलती दिल्यात त्या मनात चोरटेपणा न ठेवता घ्या. मात्र त्या सवलतींनाही नियम आहेत, आणि आपल्याकडे नेमके तेच कुणी नीट सांगत नाही.

अब्बा, आधी तुमचे पाय. वजूत, म्हणजे नमाजाआधीच्या हात-पाय धुण्यात, फर्ज (सक्तीच्या) गोष्टी चारच: चेहरा, कोपरासकट हात, डोक्याच्या चौथ्या हिश्श्याचा मसह (ओला हात फिरवणं) आणि घोट्यासकट पाय. तांब्याभर पाण्यात सगळं होतं, बादली ओतायची गरज नाही. साखरेच्या आजारामुळे तुमच्या तळव्यांना ऊन-गार कळत नाही, त्यामुळे बंबाचं पाणी थेट पायावर घेऊ नका. अम्मीने आधी त्यात कोपर बुडवून पाहावं. बोटांच्या बेचक्यांत डाव्या करंगळीने खिलाल करता, म्हणजे ओलं बोट फिरवता, ते बरोबर आहे, चूक त्याच्या पुढे होते. ओला पाय तसाच चपलेत जातो. बेचक्यात ओल राहिली की कातडी पांढरी पडते, सोलते, चीर पडते आणि साखरेच्या माणसाची चीर लवकर भरत नाही. जुन्या लुंगीचा मऊ तुकडा मोरीतल्या खिळ्याला अडकवून ठेवा. एकेक बेचकं टिपायचं आणि त्याच वेळी तळवा उजेडात पाहायचा. दिवसातून पाच वेळा पायाची तपासणी दुसऱ्या कोणाची होते?

थंडीत वारंवार पाय धुणं नको असेल तर चामडी मोजे घ्या. पूर्ण वजू करून ते घालायचे. मग वजू तुटल्यावर पाय न धुता मोज्यांवर मसह करायचा. हाताची ओली बोटं पायाच्या बोटांपासून नडगीकडे वरच्या अंगाने एकदा ओढायची, तळव्याकडून नाही. मुदत एक दिवस-एक रात्र, आणि ती मोजे घातल्यापासून नाही, तर त्यानंतर पहिल्यांदा वजू तुटल्यापासून मोजतात. मोजा मधेच काढला तर मसह गेला, पाय धुवावेच लागतील. साध्या सुती मोज्यांवर आपल्या हनफी मसलकात (पंथात) मसह होत नाही. पायाला जखम असेल आणि डॉक्टरांनी भिजवू नका म्हटलं असेल, तर पट्टीवर ओला हात फिरवा, बाकी वजू पाण्यानेच. नुसतं पाणी गार लागतं म्हणून तयम्मुम (पाण्याऐवजी मातीने वजू) करता येत नाही. चुलीवर तापवायची सोय आहे ना घरात.

अम्मी, तुझी खुर्ची. जमिनीवर सजदा (कपाळ टेकणं) जमत असताना खुर्चीवरून इशाऱ्याने पढलेली फर्ज नमाज होत नाही. पण तुझे गुडघे वाकतच नाहीत, तेव्हा तुझी होते. त्यातही खाली बसता आलं तर पाय लांब करून, जसं जमेल तसं बसून इशाऱ्याने पढणं खुर्चीपेक्षा चांगलं. उठताना कोणी हात द्यायला नसेल तर मात्र खुर्चीच बरी, पडून खुबा मोडण्यात काही सवाब नाही. सजद्याचा इशारा रुकूपेक्षा (कमरेतून वाकण्यापेक्षा) जास्त खाली हवा, एवढं सांभाळ. समोर पाट ठेवून किंवा उशी उचलून कपाळाला लावायची गरज नाही. फरशीवर प्लास्टिकची खुर्ची सरकते, तिची पाठ भिंतीला टेकलेली असू दे.

आता रोजा. कुरआनात सूरह बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींत आजाऱ्याला रोजे पुढे ढकलायची मुभा आहे. अब्बा, ते गावातल्यांशी बरोबरी करण्याचं काम नाही. रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटा, म्हणजे आत्ताच. गोळी आणि इन्सुलिन कधी, किती, हे तेच बदलतील. दुसऱ्याची चिठ्ठी पाहून तुम्ही बदलू नका. बोट टोचून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही. इन्सुलिनच्या सुईनेही तुटत नाही, असाच आपल्याकडच्या बहुतेक मुफ्तींचा फतवा आहे. दम्याचा पंप ओढला तर तुटतो. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली, तर रोजा सोडायचा, इफ्तारला वीस मिनिटं उरली असली तरी. खाली गेली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. असा जिवाच्या भीतीने सोडलेला रोजा कफ्फाऱ्यात (मुद्दाम मोडल्याच्या प्रायश्चित्तात) जात नाही, फक्त एकाची एक कजा, म्हणजे नंतर भरून काढायचा रोजा.

सहेरी, रोज्याआधीचं पहाटेचं जेवण, रात्री अडीचला उरकून झोपू नका. उशिरा खाणं सुन्नत आहे आणि साखरेलाही तेच मानवतं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, पालेभाजी, ताक. साखर घातलेल्या शेवया नकोत. खजूर एक पुरे, लाल सरबत तर नकोच.

डॉक्टरांनी कायमचे रोजे बंद केले तर फिदिया, म्हणजे रोज्याच्या बदल्यात गरिबाला दान. एका रोज्याला १ किलो ६३३ ग्रॅम गहू किंवा त्याची बाजारातली किंमत. तीस रोज्यांचे ४९ किलो, म्हणजे अर्ध्या क्विंटलला किलोभर कमी. घरची ज्वारी द्यायची असेल तर किलोला किलो नाही चालत, गव्हाच्या किमतीइतकी मोजून द्यावी लागते. रमजान लागण्याआधी दिलेला फिदिया धरत नाहीत. मुलाला-नातवाला देता येत नाही. गरीब भावाला, बहिणीला देता येतो. आणि बरं होण्याची आशा असेल तर फिदिया नाहीच, कजा. ती डिसेंबरात काढा, दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो.

एक सगळ्यात महत्त्वाचं. धाकट्याच्या मोबाइलवर अजून नागपूरची वेळ लावलेली आहे. आपलं बुलढाणा नागपूरच्या पश्चिमेला जवळपास तीन अंश आहे, अंशाला चार मिनिटं. म्हणजे आपल्याकडे सूर्य दहा-बारा मिनिटं उशिरा मावळतो. नागपूरच्या वेळेवर इफ्तार केला तर अख्ख्या दिवसाचा रोजा शेवटच्या दहा मिनिटांत वाया. मशिदीतला जिल्ह्याचा तक्ता पाहा. आणि सहेरी तक्त्याच्या वेळेला थांबवायची, अजान संपेपर्यंत घोट घेत राहायचा नाही. अजान होते तेव्हा वेळ संपलेली असते.

तपासणीला इकडे याल तेव्हा गावाची हद्द सोडल्यापासून कसर, म्हणजे प्रवासातली आखूड नमाज, लागू होते. पंधरा दिवसांपेक्षा कमी राहणार असाल तर जोहर, असर, इशाच्या (दुपार, तिसरा प्रहर, रात्र) फर्ज रकाती, म्हणजे नमाजाचे फेरे, चारऐवजी दोन-दोन. फजर (पहाट) आणि मगरिब (संध्याकाळ) तशाच. इथल्या इमामामागे उभे राहिलात तर मात्र पूर्ण चार. गोळ्यांची सगळी पाकिटं आणा. कॅप्सूलचं आवरण जनावराच्या जिलेटिनचं असू शकतं, बदलून साधी गोळी मिळते का ते डॉक्टरांना विचारू. नाही मिळाली तर तीच घ्यायची, औषध बंद करायचं नाही.

तुमची लेक