आप्पांचा हूक आणि माझा ट्रक

डिअरबॉर्न, मिशिगन
२२ सप्टेंबर

प्रिय संभा,

परवा फोनवर तू विचारलंस, "चार लोखंडी दांड्यांत दोन वर्षं काय करतोयस?" तेव्हा धड सांगता आलं नाही. आज रविवार, सकाळपासून पाऊस लागलाय, म्हणून बसून लिहितो. उद्यमनगरात दिवसभर लेथवर उभं राहणाऱ्या माणसाला हे सांगायला मलाही बरं वाटतं.

गाडी तू फोटोत बघितली आहेस. जुना शेवरले एस-१० पिकअप, पुढे मोठं व्ही-८ इंजिन, मागे रिकामा हौदा. एनएचआरए या इथल्या ड्रॅग शर्यतींच्या (उभ्या गाडीने सुटून सरळ ट्रॅकवर वेगाने पळायच्या) संघटनेने १९९८ ते २००१ अशा छोट्या पिकअपचा प्रो स्टॉक ट्रक म्हणून वेगळा वर्गच चालवला होता, तेव्हापासून माझ्या मनात हीच गाडी होती. पण ड्रॅगला ती मुळात अडचणीची. भार सगळा पुढे आणि ढकलायचं मागच्या चाकांनी. त्यात कंपनीने मागे पाटे दिलेले. एकदम ताकद दिली की ॲक्सलचं हाउसिंग उलटं फिरायला बघतं, पाट्यांना पीळ बसतो, तो सुटतो, परत बसतो, आणि चाकं ट्रॅकवर धडाधड नाचतात.

म्हणून पाटे काढून फोर-लिंक बसवलं. प्रत्येक बाजूला दोन दांडे, एक ॲक्सलच्या वर, एक खाली, चारी दांड्यांना दोन्हीकडे रॉड एंड, म्हणजे फिरते सांधे. गाडी सुटते तेव्हा खालचे दांडे चेसिसला पुढे रेटतात आणि वरचे ताणले जातात. ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून एक तिरका दांडा, आणि भार तोलायला स्प्रिंगवाले शॉकअप. एवढंच लोखंड.

आता बाजूने बघ. वरचा दांडा पुढे उतरता, खालचा किंचित चढता. दोन्ही रेषा मनाने पुढे वाढवल्या की जिथे मिळतात, तो इन्स्टंट सेंटर. तिथे हात लावायला काही नाही, पण दांड्यांचा सगळा जोर गाडीला त्या जागी लागल्यासारखा असतो. ब्रॅकेटला भोकांची रांग आहे. एक भोक बदललं तरी हा बिंदू सात-आठ इंच सरकतो.

आप्पांचा ट्रॅक्टर आठवतो? उसाच्या दोन ट्रॉल्या लावून ओढ्याचा चढ चढताना त्याचं तोंड उचलायचं, बैलगाडी उलाळ व्हावी तसं. एकदा तू आणि मी शहाणपणाने ट्रॉली वरच्या भोकात अडकवली होती, तेव्हा आप्पा बांधावरून ओरडत धावत आले, "हूक खाली घ्या रे!" ओढ जितकी उंचावरून, तितकं तोंड वर.

माझ्या ट्रकला ट्रॉली नाही. पण सुटताना त्याचं स्वतःचंच वजन त्याला मागे खेचतं, आणि तेही गुरुत्वमध्याच्या उंचीवरून. त्याचा हूक तोच. माझ्यासकट गाडी १४५० किलो, गुरुत्वमध्य २४ इंचांवर, दोन ॲक्सलमधलं अंतर १०८ इंच. दीड जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दीडपट, त्वरण धरलं तर जवळपास ४८० किलो भार पुढच्या चाकांवरून मागच्यांवर जातो.

इथेच माझं दोन वर्षं चुकलं. मला वाटायचं, दांड्यांचे कोन वाढवले की मागे जास्त वजन पाठवता येईल. तसं होत नाही, संभा. किती वजन जाणार हे त्या उंचीने, लांबीने आणि त्वरणाने ठरतं. त्यातलं किती दांड्यांतून थेट टायरवर आदळणार आणि किती स्प्रिंग दबून सावकाश येणार, एवढंच दांडे ठरवतात. सगळं दांड्यांतून गेलं तर ॲन्टी-स्क्वॉट, म्हणजे मागची बाजू बसू न देण्याचं प्रमाण, १०० टक्के, मग मागची बाजू बसतही नाही, उठतही नाही.

माझा बिंदू टायरपासून ३८ इंच पुढे आणि साडेबारा इंच उंच होता, म्हणजे ॲन्टी-स्क्वॉट १४८ टक्के. ओहायोत नॉर्वॉकच्या ट्रॅकवर सुटलो की हौदा वर उडायचा आणि टायर जमिनीत दाबला जायचा. बघणारे वाहवा करायचे. पण पहिल्या साठ फुटांना १.६२ सेकंद, आणि दरवेळी वीसेक फुटांवर चाक सुटायचं.

मग टायरवर आणि रिमवर एका रेषेत पांढरी खूण केली, मोबाईल जमिनीलगत ठेवून संथ गतीत चित्रण केलं. रात्री गॅरेजमध्ये एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितलं. आधी टायरच्या कडेला लुगड्याच्या निऱ्यांसारख्या सुरकुत्या पडतात, टायरवरची खूण रिमच्या मागे राहते. तेवढ्यात शॉकअप पूर्ण ताणून अडतो, हौदा वर जायचा थांबतो, सुरकुत्या एकदम उलगडतात आणि टायर हलका होतो. नेमका तिथेच तो फिरतो. मला इतकं वाईट वाटलं! टायर दोन वर्षं हेच सांगत होता.

दुसऱ्या दिवशी वरच्या दांड्याचं पुढचं टोक एक भोक वर घेतलं, खालच्याचं एक भोक खाली. बिंदू ५२ इंचांवर गेला, उंची १२. म्हणजे १०४ टक्के. शॉकअप ताणताना चार क्लिक कडक केला. पिनियनचा, म्हणजे ॲक्सलमधल्या छोट्या दातेरी चाकाचा, कोन परत लावावा लागला, ते ओघाने आलंच. टायरची हवा मुद्दाम तीच ठेवली, १३ पौंड, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

पहिल्याच फेरीत साठ फूट १.४७. हौदा जेमतेम हलला, सुरकुत्या पडल्या आणि पडलेल्याच राहिल्या.

आता गाडी सुटताना जरा उजवीकडे ओढते. उजवा वरचा दांडा नटाच्या एकेका पैलूने फिरवत ते काढतोय. त्याबद्दल पुढच्या पत्रात.

तुझ्याकडे एक काम आहे. आप्पांचा ट्रॅक्टर अजून शेडमध्ये असेल तर हूकची उंची आणि मागच्या ॲक्सलची उंची टेपने मोजून कळव. चारी भोकांची. आप्पांना शेजारी उभं करून मोज, वरचं भोक कुठलं ते त्यांना नक्की आठवत असेल.

आई-आप्पांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिलीप