दिव्यांगांच्या मोहिमेत मागणी कुठे आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

३ डिसेंबर, म्हणजे जागतिक दिव्यांग दिन, जवळ आला की दिव्यांगांचे व्हिडिओ धडाधड फिरायला लागतात, व्हीलचेअरवरचा हसरा मुलगा, मागे बासरी आणि खाली 'जिद्दीला सलाम'. लोक डोळे पुसतात, फॉरवर्ड करतात आणि विषय तिथेच संपतो, कारण बघणाऱ्याने पुढे नेमकं काय करायचं हे त्यात कुठेच नसतं. सोशल मार्केटिंग, म्हणजे समाजहितासाठी जाहिरातीची तंत्रं वापरणं, एवढंच असेल तर त्याने एक नियमही बदलणार नाही. ब्रिटनमध्ये तर १९९० आणि १९९२ ला टीव्हीवरच्या टेलिथॉनविरुद्ध, म्हणजे देणग्या गोळा करायच्या तासन्‌तास चालणाऱ्या कार्यक्रमाविरुद्ध, दिव्यांगांनीच निदर्शनं केली, आमची कीव करून पैसे गोळा करू नका म्हणून.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. २०११ मध्ये तिथे 'एव्हरी ऑस्ट्रेलियन काउंट्स' मोहीम सुरू झाली, दिव्यांग, त्यांची काळजी घेणारे घरचे लोक आणि सेवा देणाऱ्या संस्था सगळे एकत्र, आणि मागणी एकच, राष्ट्रीय दिव्यांग विमा योजना, म्हणजे दिव्यांगांना लागणाऱ्या आधाराचा खर्च सरकारने उचलायचा. मांडणी अशी की अपघात किंवा आजार उद्या कोणालाही गाठू शकतो, त्यामुळे यात उपकार कसले, हे सगळ्यांच्याच गरजेचं आहे. लोकांनी चहापानाचे कार्यक्रम ठेवले, खासदारांना बोलावलं, आणि सकाळी आंघोळ घालायला माणूस मिळत नाही तेव्हा घरात काय होतं हे त्यांना समोरासमोर ऐकवता आलं. अर्थात नुसत्या प्रचाराने झालं नाही, सध्याची व्यवस्था अपुऱ्या पैशांची आणि अन्यायकारक आहे असा तिथल्या उत्पादकता आयोगाचा, म्हणजे सरकारला सल्ला देणाऱ्या संस्थेचा, अहवालही हाताशी होता. मार्च २०१३ मध्ये कायदा झाला आणि खर्चासाठी मेडिकेअरचा (तिथल्या सरकारी आरोग्य योजनेचा) कर १.५ वरून २ टक्के करायला विरोधी पक्षानेही साथ दिली. निवडणुकीच्या वर्षात करवाढ, तीही दोन्ही बाजूंच्या संमतीने!

अमेरिकेतही १२ मार्च १९९० ला लोक व्हीलचेअर खाली ठेवून संसदेच्या पायऱ्या सरपटत चढले ते दिव्यांगांच्या हक्कांचं रखडलेलं विधेयक पास करा म्हणून, आणि जुलैत त्यावर सही झाली.

म्हणून मोहीम करणाऱ्यांना कळकळीची विनंती, आधी मागणी ठरवा, ती कोणाच्या हातात आहे ते शोधा, मग व्हिडिओ बनवा, आणि हे सगळं ठरवायला दिव्यांग माणसं पहिल्या बैठकीपासून असू द्या, नुसती शूटिंगच्या दिवशी नकोत. आणि संपादक महाशय, तुम्हीही यंदा ३ डिसेंबरला प्रेरणादायी गोष्टींच्या शेजारी दिव्यांगांचे कोणते नियम, कोणती विधेयकं कोणत्या खात्यात अडकलीत त्याची यादी छापा.

आपला नियमित वाचक