झेंडावंदनाच्या दिवशीची मॅच

नेपरव्हिल,
11 फेब्रुवारी 2025

प्रिय बंड्या,

रविवारी सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या, हाफटाइमला तुला तीन फोन केले. तुझ्याकडे पहाटेचे साडेसहा-पावणेसात झाले असतील. तिन्ही वेळा फोन बंद. एके काळी सुपर बोलच्या आदल्या रात्री ज्याला झोप लागायची नाही तो माणूस सांगलीला जाऊन मॅचच्या वेळी घोरतो, हे शिऱ्याला सांगितलं तर त्याला खरं वाटेना.

गणपतीनंतर आपण बोललो नाही, ही चूक माझीच. दोनदा पत्र लिहायला बसलो होतो. पण दोन्ही वेळा आपल्या शिकागो बेअर्सनी काहीतरी दिवे लावले होते, आणि तुझं 'मी सांगत नव्हतो?' ऐकायची तयारी नव्हती. तब्येत ठीक. शुगर आहे तिथेच आहे, डावा गुडघा जिना चढताना बोलतो. असो.

बंड्या, आपला विक जिंकला रे! विक फँजिओ, फिलाडेल्फिया ईगल्सच्या डिफेन्सचा, म्हणजे बचावाचा कोच. वयाच्या 66 व्या वर्षी विजेतेपदाची पहिली अंगठी. हाफटाइमला 24-0, आणि समोरचे कॅन्सस सिटीवाले तोवर सगळे मिळून पुढे सरकले किती यार्ड? 23! त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा महोम्स, त्याला सहा वेळा आडवा केला, आणि त्यासाठी एकदाही ब्लिट्झ नाही, म्हणजे जास्तीची माणसं अंगावर धाडणं नाही. एकदाही नाही! पुढचे चारच जण आत घुसत होते, मागे सात जण निवांत पहारा देत होते. महोम्स बिचारा घर चुकलेल्या पाहुण्यासारखा इकडून तिकडे पळत होता. ईगल्सच्या डीजीननं त्याचा पास पळवून थेट शेवटच्या रेषेपार नेला, टचडाउन केला, तोही स्वतःच्या वाढदिवशी. शिऱ्याकडे जमलेलं सगळं मंडळ कंटाळलं होतं. 'मॅच संपली, पानं घ्या' म्हणून वहिनींची घाई. एवढ्या गर्दीत मी एकटा उड्या मारतोय आणि टाळी द्यायला कुणी नाही. तेव्हा तुझी आठवण झाली.

आता तू म्हणशील, एमव्हीपी, सामन्याचा मानकरी, तर ईगल्सचा क्वार्टरबॅक हर्ट्स झाला. झाला ना. रांधलं एकीनं, वाढलं दुसरीनं, नाव वाढणारीचं. पण खेळला चांगला हेही कबूल करतो. 22 पैकी 17 पास. घे, लिहून दिलं.

आपण पाहिलेला पहिला सुपर बोल आठवतो? 2001 चा जानेवारी, शिकागोत डेव्हन अॅव्हेन्यूवरची ती खोली, हीटर बंद, आणि बाल्टिमोर. खरं तर माझं डोकं तिथेच फिरलं. 16 मॅचमध्ये सगळे मिळून 165 गुण दिलेला संघ! ऑक्टोबरात लागोपाठ पाच मॅच त्यांच्या ऑफेन्सला एक टचडाउन जमला नव्हता, तरी शेवटी 34-7. मी म्हणालो, क्वार्टरबॅकनं फक्त घाण करू नये, बाकीचं डिफेन्स बघेल. तू म्हणालास, मग त्यांच्या क्वार्टरबॅकला, त्या डिल्फरला, जिंकल्यावर लगेच नारळ का दिला? 24 वर्षं आपण तिथेच आहोत. मी 1985 चे चॅम्पियन बेअर्स काढायचे, तू म्हणायचं की त्या वर्षी ते एकदाच हरले, तेही मायामीच्या क्वार्टरबॅक मरिनोकडून. मी म्हणायचं, मरिनोनं आयुष्यात एक तरी सुपर बोल जिंकला का? मग तू दोन दिवस अबोला धरायचास. डेन्व्हरचा क्वार्टरबॅक मॅनिंग, त्याच्या वेळीही तेच. 2013 ला 55 टचडाउन पास, आणि सिएटलपुढे पहिलाच स्नॅप, म्हणजे त्याच्याकडे मागे दिलेला बॉल, डोक्यावरून मागे, 12 सेकंदांत सेफ्टी, म्हणजे समोरच्यांना फुकटचे दोन गुण, शेवटी 43-8. दोन वर्षांनी तोच मॅनिंग, खांदे पडलेला, 9 टचडाउन आणि 17 इंटरसेप्शन, म्हणजे विरुद्ध संघानं पळवलेले पास, पण डेन्व्हरच्या डिफेन्सनं त्याला खांद्यावर बसवून सुपर बोल जिंकल्याचं पंढरपूर दाखवलं. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नव्हतं. आज म्हणून घेतो.

पण लिहायचं होतं ते वेगळंच.

माझा अथर्व बेअर्स सोडतोय. मागच्या वर्षी हौसेनं आपल्या क्वार्टरबॅक केलबचा 18 नंबरचा टी-शर्ट घेतला होता. आता म्हणतो, मला वॉशिंग्टनच्या क्वार्टरबॅकचा, जेडन डॅनिअल्सचा हवा. वॉशिंग्टनबरोबरच्या त्या मॅचला शेवटच्या क्षणी डॅनिअल्सनं हवेत भिरकावलेला पास आपल्या डोक्यावरून त्यांच्या हातात पडला, आणि आपला एक शहाणा स्नॅप झाला तरी प्रेक्षकांकडे बघून हातवारे करत होता. पोरगा घरी ढसाढसा रडला. थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटमध्ये घड्याळ थांबवायचा टाइमआउट हातात असताना वेळ संपू दिली. दुसऱ्या दिवशी कोचला हाकललं. हंगामाच्या मध्येच हेड कोच काढण्याची बेअर्सची ही पहिलीच वेळ. केलबला वर्षभरात 68 वेळा पाडलं, बंड्या. मला 2002 चा ह्यूस्टनचा डेव्हिड कार दिसायला लागलाय. तोही ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या नंबरचाच, 76 वेळा पाडला गेला, आणि मग प्रत्येक पासच्या आधी बिचारा मार कुठून येतोय तेच बघत बसायचा. आता कोच म्हणून बेन जॉन्सनला आणलंय. बघू. आपल्याकडे क्वार्टरबॅक येतो धडधाकट आणि जातो लंगडत.

तर रविवारी हाफटाइमला अथर्व मला विचारतो, 'बाबा, डिफेन्सनंच जिंकता येतं तर हाच फँजिओ 2018 ला आपल्याकडे होता, तेव्हा का नाही जिंकलो?' त्या वर्षी आपल्याइतके कमी गुण कुणीच दिले नव्हते! आणि मग 16-15 नं हरलो, शेवटच्या किकचा बॉल आधी खांबाला, मग आडव्या दांडीला, समोर हेच ईगल्स. (सहा महिन्यांत तू परत गेलास. आईंसाठी गेलास असं सगळे म्हणतात. मला खरं कारण माहीत आहे.) मी गप्प. तर तो म्हणतो, 'कारण आपण महोम्स सोडून ट्रुबिस्की घेतला.' हुबेहूब तुझा सूर! 2017 ला तू ड्राफ्टच्या रात्री सोफ्यावरून उठून गेला होतास, तसाच तोही उठला.

मग त्याला थांबवायला मी 1985 काढलं. सुपर बोलमध्ये समोरच्या न्यू इंग्लंडला अख्ख्या मॅचमध्ये पळून सात यार्ड मिळाले होते, 46-10, डिफेन्सच्या कोचला, बडी रायनला, खेळाडूंनी खांद्यावर उचललं, त्या डिफेन्सला '46' हे नाव बेअर्सच्या डग प्लँकच्या नंबरवरून पडलं, सगळं सांगितलं. इतकं रंगवलं की पोरगा परत बसला. म्हणाला, 'तू बघितली होतीस ती मॅच?'

मी म्हणालो, 'हो. टीव्हीवर.'

नरो वा कुंजरो वा. टीव्हीवर पाहिली हे खरंच आहे. आपल्या घरमालक म्हाताऱ्याच्या व्हिडिओ कॅसेटवर, तीन वेळा. पण मॅच झाली 26 जानेवारी 1986 ला. त्या सकाळी आपण दोघं कडक इस्त्रीच्या चड्ड्यांत झेंडावंदनाला उभे होतो आणि तू चक्कर येऊन पडला होतास. इथे संध्याकाळी मॅच सुरू झाली तेव्हा सांगलीत दुसऱ्या दिवसाची पहाट, आपण गोधडीत. फुटबॉल म्हणजे पायानं खेळतात एवढंच आपल्याला ठाऊक होतं. न पाहिलेल्या संघावर मी पंचवीस वर्षं छाती फुगवतोय, हे फक्त तुला माहीत आहे. आणि आता पोरगा शाळेत सांगत सुटलाय की माझ्या बाबानं 85 चे बेअर्स लाइव्ह बघितले.

चिऊची बारावी सुरू होतेय ना? म्हणूनच फोन बंद होता, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. तिला शुभेच्छा. आईंच्या मोतीबिंदूचं काय झालं? हळदीला यंदा भाव बरा मिळो.

आणि हो, ती कॅसेट तुझ्या सामानाबरोबर सांगलीला गेलीय. कुठे असेल तर कुलपात ठेव. मे महिन्यात अथर्वला घेऊन येतोय. त्याचं गणित चांगलं आहे आणि मी अमेरिकेत 1999 ला आलो हे त्याला माहीत आहे. तुला विचारलं तर काहीतरी सांभाळून घे. झेंडावंदनाचा तर विषयसुद्धा काढू नकोस.

तुझा,
दिल्या